भाड्याच्या खोल्या

शेताच्या कडेला चार खोल्या काढल्या की बसून खायला मिळते, असे आजकाल खेड्यापाड्यांतून फार ऐकू येते. पाऊस पडो न पडो, कांद्याला भाव मिळो न मिळो, महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडे हातात. ना नांगरट, ना पेरणी, ना राखण. ऐकायला हे गोड लागते. ते सगळे खोटे आहे असेही नाही. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. सिमेंट विकणारा ती सांगत नाही, गवंडी सांगत नाही, कर्ज देणाराही आपण होऊन सांगत नाही. म्हणून या धड्यात आम्ही ती सांगणार आहोत.

आधी ही हवा आली कोठून ते पाहू. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. लोक त्याला एमआयडीसी म्हणतात. या महामंडळाने ठिकठिकाणी जमिनी घेऊन कारखान्यांना दिल्या. पुणे जिल्ह्यातले चाकण घ्या. पूर्वी चाकण म्हटले की कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग किल्ला एवढेच आठवे. आता तेथे मोटारींचे मोठाले कारखाने उभे आहेत. तसेच रांजणगावला आहेत, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहेत. तेथे कामाला मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून तरुण पोरे येतात. दिवसपाळी, रातपाळी करतात. त्यांना पाठ टेकायला जागा हवी. ती जागा आसपासच्या शेतकऱ्यांनी बांधून दिली. ज्यांनी विचार करून बांधली त्यांचे बरे झाले. मुले शिकली, डोक्यावरचे कर्ज फिटले.

पण दुसरेही एक उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. एका शेतकऱ्याने एकाच कारखान्याच्या फाटकासमोर बारा खोल्या काढल्या. जमीन गेली त्याचे पैसे आले होते, ते सगळे त्यात घातले. वर कर्ज काढले. तीन वर्षे खोल्या भरलेल्या होत्या. मग कारखान्याचे काम कमी झाले. पोरे बिऱ्हाड उचलून दुसरीकडे गेली. बारा कुलुपे लागली. कारखाना हलतो, माणसे हलतात, पण खोली काही बैलगाडीत घालून दुसऱ्या गावी नेता येत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतच राहिला.

तेव्हा वीट आणण्याआधी पहिला प्रश्न हा, की राहणार कोण? नुसते 'कोणीतरी येईलच' म्हणू नये. एक दिवस काढावा आणि गावात फिरावे. सध्या भाड्याच्या किती खोल्या आहेत? त्यांतल्या किती रिकाम्या आहेत? भाडे काय? भाडेकरू कारखान्यातला, कॉलेजातला, इस्पितळातला की बांधकामावरचा? एकाच कारखान्यावर सारे गाव अवलंबून असेल तर हात आखडता घ्यावा. जेथे एसटीचा थांबा आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, चार प्रकारची माणसे येतात-जातात, तेथे एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येते. घरमालकाला विचारू नका, तो खोली रिकामी असली तरी भरली आहे म्हणेल. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. कोण आले, कोण गेले, कोणाची उधारी बुडाली, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

दुसरे पाहायचे ते जमिनीचे कागद. जागा गावठाणात आहे की शेतजमीन आहे? शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे जाऊन, बांधकामाला काय परवानगी लागते ते आधी विचारावे. ग्रामपंचायतीकडेही विचारावे. सातबाऱ्यावर नावे कोणाची आहेत ती बोट ठेवून वाचावीत. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा दुसऱ्याने वाचून दाखवलेल्यावर थांबू नये. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हिस्सा भावाएवढाच आहे. २००५ सालच्या दुरुस्तीने कायद्यातच तसे झाले. बहिणीला न विचारता खोल्या बांधल्या आणि भाडे सुरू झाल्यावर मेहुणा दारात आला, म्हणजे मग दिवाळीची भाऊबीज कचेरीत साजरी होते. आधी सगळ्यांना बसवून बोलावे आणि ठरेल ते लिहून काढावे.

आता हिशेबाकडे येऊ. आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील. ते घालून हाच हिशेब तुम्ही पुन्हा मांडा.

समजा, जागा घरची आहे. तीन खोल्या, मोरी, संडास, पाण्याची टाकी मिळून नऊ लाख रुपये खर्च आला. एका खोलीचे भाडे महिना ३,००० रुपये. तीन खोल्यांचे महिन्याला ९,००० झाले. वर्षाचे ९,००० गुणिले १२, म्हणजे १,०८,००० रुपये. नऊ लाखांवर एक लाख आठ हजार, म्हणजे शेकडा १२ रुपये. येथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात. आणि येथेच थांबतात.

पण बाराही महिने खोली भरलेली राहत नाही. एक भाडेकरू जातो, दुसरा यायला वेळ लागतो, मधे चुना लावायचा असतो. प्रत्येक खोली वर्षात एक महिना रिकामी धरा. ९,००० रुपये गेले. घरपट्टी, पाणीपट्टी मिळून ४,००० धरा. गळती, नळ, कडी-कोयंडा, रंग, संडासाची टाकी उपसणे, यांचे वर्षाला ९,००० धरा. काही वर्षी कमी लागेल, पण ज्या वर्षी स्लॅब गळेल त्या वर्षी मागची सगळी कसर निघेल. पाण्याची मोटर आणि जिन्यातला दिवा यांचे बिल मालकाकडे असते, त्याचे ८,००० धरा. करार करणे, जाणे-येणे, किरकोळ यांचे २,००० धरा. सगळी बेरीज करा : ९ आणि ४ तेरा, तेरा आणि ९ बावीस, बावीस आणि ८ तीस, तीस आणि २ बत्तीस. म्हणजे ३२,००० रुपये. १,०८,००० मधून ३२,००० वजा जाता उरले ७६,०००. शेकडा बारा म्हणत होतो, ते साडेआठाच्याही आत आले. शिवाय जागेची किंमत आपण धरलीच नाही. ती विकत घ्यावी लागली तर शेकडा आणखी खाली येईल.

तरी ७६,००० काही वाईट नाहीत. पैसे स्वतःचे असतील, तर तेवढेच पैसे बँकेत किंवा पोस्टात ठेवले असता वर्षाला काय मिळते ते विचारून यावे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पण पैसे कर्जाचे असले म्हणजे गोष्ट बदलते.

समजा, नऊ लाखांपैकी चार लाख आपले आणि पाच लाख कर्ज. व्याज दर साल दर शेकडा १०. मुदत दहा वर्षे. याचा महिन्याचा हप्ता सुमारे ६,६०० रुपये पडतो. वर्षाचे ७९,२०० झाले. आपल्या हाती काय उरत होते? ७६,०००. म्हणजे तीनही खोल्या भरलेल्या असून वर्षाला ३,२०० रुपये घरातून घालावे लागतील! आणि असे दहा वर्षे. त्यात एक खोली सहा महिने रिकामी राहिली, तर आणखी पंधरा हजारांची भर. दहा वर्षांनी कर्ज फिटेल आणि खोल्या आपल्या होतील, हे खरे. पण 'बसून खायला' जे मिळणार होते, ते त्या दहा वर्षांत मिळणार नाही. ज्याच्या घरी दुसरी आवक आहे त्याने हे जरूर करावे. ज्याच्या पोटापाण्याचाच भरवसा त्या भाड्यावर आहे, त्याने पाच लाखांचे कर्ज काढण्यापेक्षा आपल्या चार लाखांत एकच खोली आणि संडास बांधावा. वर्षभर चालवून पाहावे. पाया मात्र पुढच्या खोल्यांचा विचार करून घालावा.

भाडेकरूकडून जी अनामत रक्कम घेतात, ज्याला आपण डिपॉझिट म्हणतो, ती या हिशेबात आम्ही धरली नाही. मुद्दामच धरली नाही. ती आपली नव्हे. ती भाडेकरूची आहे, आपल्याकडे राखायला दिली आहे. पुष्कळ लोक अनामत आली की लग्नात, नाहीतर दुचाकीत घालतात. मग भाडेकरू जायला निघाला की तोंड चुकवतात. 'नवा भाडेकरू येऊ दे, त्याचे आले की देतो' म्हणतात. जाणारा माणूस मग शेवटचे दोन-तीन महिने भाडेच देत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. अनामतीचे पैसे बँकेत वेगळ्या खात्यावर ठेवावेत आणि त्या पासबुकाला हात लावू नये.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण उपयोग होईल.

नोकरीत असताना भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम काढून आम्ही तालुक्याच्या गावी दोन खोल्या बांधल्या. एक खोली एका गृहस्थाला दिली. माणूस गोड बोलणारा, आमच्या एका स्नेह्याच्या ओळखीचा. भाडे ठरले १,५०० रुपये. कागद केला नाही. पावतीही कधी दिली नाही. तो पैसे हातावर ठेवायचा, आम्ही खिशात घालायचो. आयुष्यभर मुलांना 'लिहून ठेवा रे' म्हणून ओरडलो आणि स्वतः लिहिले नाही.

एक वर्ष बरे गेले. मग भाडे मागे पडू लागले. मग थांबलेच. सहा महिने वाट पाहून आम्ही खोली मागितली, तर गृहस्थ म्हणाले, 'खोली मी सोडणार नाही. आणि गुरुजी, भाडे दीड हजार कुठे होते? नऊशे ठरले होते.' आम्ही थक्क झालो. वकिलाकडे गेलो. वकील म्हणाले, 'गुरुजी, लेखी करार कुठे आहे?' नाही. 'पावत्या?' नाहीत. तेव्हा त्यांनी कायदा समजावून सांगितला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ असा कायदा आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात म्हटले आहे की भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. करार नोंदवला नसेल तर ज्या अटींवर जागा दिली त्यांबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तो नऊशे म्हणाला की नऊशे. दीड हजार होते हे आम्ही सिद्ध करायचे. आणि करार न नोंदवल्याबद्दल घरमालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. फिर्यादी म्हणून गेलो होतो, आरोपी होऊन बाहेर आलो!

याच्यावर कडी म्हणजे, आमच्या चिरंजिवांनी रागाच्या भरात त्या खोलीचा पाण्याचा नळ बंद केला. गृहस्थ पोलिसात गेले. फौजदारांनी आम्हाला बोलावून घेतले आणि सांगितले, पाणी तोडता येणार नाही, वीज तोडता येणार नाही, भाडे थकले तरीही नाही. त्यासाठी वेगळी दाद मागा. तेही कायद्यात आहे. मुकाट्याने घरी येऊन नळ उघडला. शेवटी त्याच स्नेह्यांनी मध्ये पडून खोली सोडवली, पण त्यात चार वर्षे गेली आणि थकलेले भाडे बुडाले ते बुडालेच.

म्हणून करार. खोली राहायला देताना आपल्याकडे बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स' नावाचा करार करतात. त्याचा अर्थ एवढाच, की जागा माझी, तुला ठरावीक मुदतीपुरती वापरण्याची परवानगी देतो. मुदत संपली की परवानगी संपली. राहण्यासाठी दिलेल्या खोलीचा असा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो. साध्या दाव्यापेक्षा ही वाट जवळची. शिवाय मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे त्याला द्यावे लागतात. दुकानासाठी दिलेल्या गाळ्याला मात्र ही जवळची वाट नाही. तेव्हा दुकानाचा गाळा देताना वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथे एक गैरसमज आहे, तो फार पसरला आहे. लोक म्हणतात, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का घेतला की झाले. हा समज कोठून आला? १९०८ सालच्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. म्हणून लोक एक महिना चोरून अकराचा करीत. पण १९९९ चा कायदा जेथे लागू आहे तेथे अकरा महिन्यांचाच काय, त्याहून कमी मुदतीचा करारही नोंदवलाच पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हा कायदा ज्या शहरांना आणि गावांना लागू आहे त्यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. आपले गाव त्यात आहे की नाही ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारावे. नसले तरी कागद करावा. कागदाने कोणाचे वाईट झाल्याचे आम्ही पाहिले नाही.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क शेकडा पाव रुपया या हिशेबाने पडते. ३,००० रुपये भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला ते शंभराच्या आसपास येते. नोंदणी फी खेड्यात ५०० रुपये आणि नगरपालिकेच्या हद्दीत १,००० रुपये आहे. करार करून देणारा आपली मजुरी घेतो ती वेगळी. आता हे काम संगणकावर घरबसल्याही होते. आधार कार्ड लागते, फोटो काढतात आणि यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. अंगठा! सही येणाऱ्या बी. ए., एम. ए. झालेल्यांनाही तेथे अंगठाच ठेवावा लागतो. तेव्हा अंगठ्याची लाज वाटायचे दिवस गेले. पण अंगठा ठेवण्यापूर्वी संगणकावरचा मजकूर सगळा वाचावा. घाई करणारा माणूस 'काका, नेहमीचंच आहे, ठेवा' म्हणेल. ठेवू नये. 'थांब बाळा, मला हळू वाचता येतं' म्हणावे आणि हळूच वाचावे. नावे बरोबर आहेत का, भाडे किती, अनामत किती, मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, वीजबिल कोणी भरायचे, किती माणसे राहणार, सोडायची झाल्यास किती दिवस आधी सांगायचे. पुढच्या वर्षी भाडे वाढवायचे असेल तर किती, तेही त्यातच लिहावे. तोंडी ठरले ते राहू देऊ नये. कराराची एक प्रत भाडेकरूला द्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यावी.

कोणाला वाटेल, कायदा घरमालकाच्या मागे का लागला आहे? त्याला कारण आहे. मुंबईत घरांची टंचाई फार. मालकांनी मनमानी करू नये म्हणून १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. त्याने बरीच भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरू वाचला, पण वर्षानुवर्षे भाडे तेच राहिल्याने मालक डागडुजी करीनासा झाला. चाळी खचू लागल्या, पावसाळ्यात पडू लागल्या. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कितीतरी घरांतली माणसे त्या चाळींत राहिलेली आहेत, त्यांना हे सांगायला नको. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, असे गोठवलेले भाडे आता न्यायाचे राहिले नाही. मग १९९९ चा कायदा आला. त्याने जुन्या भाडेकरूंचे भाडे वर्षाला शेकडा चार वाढवण्याची मुभा दिली. मालकाने नागवावे नि भाडेकरूने बळकावावे, या दोन्ही गोष्टी आपल्या राज्याने पाहिल्या आहेत.

आणि आपण नेहमी मालकच असू असे कोठे आहे? या पुस्तकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले शहरात भाड्याने राहत असतील. दर महिन्याला पावती मागायला त्यांना सांगा. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. ती उपकार म्हणून द्यायची नसते.

खोली कशी बांधावी हे गवंडी सांगेल. दोन गोष्टी मात्र आम्ही सांगणार. एक खिडकी. दहा बाय बाराच्या खोलीत चार-चार पोरे झोपतात, रातपाळीची दिवसा झोपतात. वर पत्रा आणि खिडकी नाही, अशा खोल्या आम्ही पाहिल्या आहेत. उन्हाळ्यात तेथे माणूस शिजतो. समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या तर खर्च थोडाच वाढतो, आणि भाडेकरू दोन महिन्यांत पळत नाही. खोली रिकामी राहण्याचे नुकसान किती, ते वर पाहिलेच आहे. दुसरी गोष्ट पाणी. बांधण्याआधी चैत्र-वैशाखात विहिरीला, बोअरला पाणी किती राहते ते पाहा. पावसाळ्यात भरलेली विहीर पाहून खोल्या बांधल्या आणि उन्हाळ्यात टँकर आणावा लागला, तर भाडे टँकरवाल्याच्या खिशात जाते. विजेसाठी प्रत्येक खोलीला वेगळे मीटर असावे. नसेल तर महिन्याअखेर भाडेकरूला समोर उभे करून आकडा वहीत लिहावा आणि त्याची सही घ्यावी. निम्मी भांडणे विजेच्या बिलावरून होतात.

भाडेकरू निवडताना काही लोक पहिला प्रश्न आडनावाचा करतात, दुसरा गावाचा, आणि मग जात काढून घेतात. हे करू नये. कामाचे ओळखपत्र पाहावे. आधीच्या घरमालकाला फोन करून हा भाडे वेळेवर देत होता का, ते विचारावे. भाडे बुडवणारे सगळ्या जातींत असतात आणि वेळेवर देणारेही. आम्हाला बुडवून गेलेले ते गृहस्थ आमच्याच जातीचे होते, ओळखीचे होते आणि रोज गंध लावत होते.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून भाड्यावरही नसेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. भाडे हे करपात्र उत्पन्न आहे. भरलेली घरपट्टी वजा करून जे राहते, त्यातून दुरुस्तीपोटी शेकडा ३० रुपये सरकार सोडून देते. उरलेली रक्कम आपल्या इतर उत्पन्नात मिळवतात. सगळे मिळून कराच्या मर्यादेबाहेर गेले तर कर लागतो. ज्याच्या दोन-तीनच खोल्या आहेत आणि दुसरी मोठी आवक नाही, त्याच्यापर्यंत तो बहुधा पोचत नाही. पण वही ठेवलेली बरी. एका पानावर आलेले भाडे, समोरच्या पानावर झालेला खर्च. वही महाग नसते.

पावती कशी असावी ती खाली दिली आहे. मोठ्याने वाचा. मग आपल्या वहीत उतरवून काढा आणि मोकळ्या जागा भरा.

भाडे पावती
पावती क्रमांक : ______ तारीख : ______
श्री. / श्रीमती ______________ यांजकडून खोली क्रमांक ______ चे ______ महिन्याचे भाडे रुपये ______ (अक्षरी रुपये ______________ फक्त) रोख / बँकेतून मिळाले. वीजबिलापोटी रुपये ______ वेगळे मिळाले. मागील बाकी रुपये ______.
घरमालकाची सही : ______________

'अक्षरी' म्हणजे आकड्याऐवजी शब्दांत लिहिलेली रक्कम. आकड्यापुढे एक शून्य वाढवणे सोपे असते. 'तीन हजार फक्त' असे लिहिल्यावर तेथे काही घुसडता येत नाही. म्हणून ही जागा रिकामी सोडू नये. बँकेतून किंवा मोबाईलवरून पैसे आले तरी पावती द्यावी, कारण पैसे भाड्याचे होते की उसने, हे बँक सांगत नाही.

आता ही दोन गणिते सोडवा.

१. एका मावशींनी चार लाख रुपये खर्चून एक खोली व संडास बांधला. भाडे महिना ३,२०० रुपये. खोली वर्षातून एक महिना रिकामी राहते. घरपट्टी १,५००, दुरुस्ती ३,५०० आणि पाण्याची मोटर ३,००० रुपये. वर्षाअखेर मावशींच्या हाती किती उरले? शेकडा किती पडले?

२. त्याच मावशींकडे भाडेकरूने ९,६०० रुपये अनामत ठेवली आहे. पहिल्या गणिताच्या उत्तरात ही रक्कम मिळवावी काय? का?